दोन चुलींची परवानगी

लंडन
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बायो,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातली साडेपाच मिनिटं माझ्या लेकीला शिव्या आहेत. फोनवर मला मध्ये बोलू द्यायची नाहीस, म्हणून लिहायलाच बसले.

"आईच्या घरात राहून वेगळी चूल मांडतेय म्हणे" ही बातमी रत्नागिरीत कुणी नेली ते मला ठाऊक आहे. जुलैत येऊन गेली ती. दारात विटांचा ढीग, चौकटीवर दोन घंटा आणि जिन्याच्या कडेने उभी राहिलेली भिंत एवढं पाहिलं आणि तिकडे जाऊन घर फुटल्याचं जाहीर केलं. बाई गं, इथे घर फोडणं इतकं सोपं नाही. मला त्यासाठी दोन अर्ज करावे लागले, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मतं मागवली गेली, एक सरकारी पोरगी येऊन माझी न्हाणी मोजून गेली आणि मग कुठे 'फोडा' म्हणून कागद मिळाला. शिव्या मात्र जरा राखून ठेव, पत्ता बदलावा लागेल.

घर तू पाहिलं आहेस, २००९ ला आली होतीस तेव्हा. १९३४ सालचं, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं जुळं घर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे आम्ही वाढवलेली पडवी. वर दोन निजायच्या खोल्या, एक कोठीएवढी खोली, आणि त्याच्यावर २००६ साली माळा काढून केलेल्या दोन. आमचे हे २०२१ मध्ये गेले. मुलगा मँचेस्टरला होता तो तिथेच राहिला. माझे गुडघे असे झाले की वरचा मजला मी महिना महिना पाहत नसे. एकदा वर गेले तर पलंगावर गेल्या दिवाळीचा आकाशकंदील तसाच. आणि त्याच वेळी लेक, जावई आणि दोन पोरं अर्धा पगार भाड्यात घालून दोन खोल्यांत एकमेकांच्या अंगावर राहत होती. म्हणजे वर त्यांनी, खाली मी, यात कुणाला काही विचारायचं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

तर विचारायचं असतं. जमीन तुझी, विटा तुझ्या, कर्ज तू फेडलेलं, पण त्या जागेचा वापर बदलायचा हक्क तुझा नाही. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच १९४७ साली इथे एक कायदा झाला आणि १ जुलै १९४८ पासून हा हक्क सरकारच्या पेटीत गेला. आजच्या कायद्यात तर संशय राहू नये म्हणून स्वच्छ लिहून ठेवलंय की एका घराची दोन घरं करणं म्हणजे वापर बदलणं. बाहेरून एक वीटही हलवली नाही तरी.

मंडळात हे बोलल्यावर सल्ल्यांचा पूर आला. (महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि मला वाटतं सल्लेही तेव्हापासूनच चालू आहेत.) एक काका म्हणाले, "कशाला विचारतेस? वर एक ओटा टाक, चार वर्षं गप्प बस, मग कौन्सिल काही करू शकत नाही." हे अगदीच खोटं नव्हतं. चोरून केलेला फ्लॅट चार वर्षं सलग वापरात राहिला आणि कुणी हरकत घेतली नाही, तर पूर्वी तो पचत असे. पण २५ एप्रिल २०२४ पासून नव्याने करणाऱ्यांना चाराची दहा वर्षं झाली. दहा वर्षं पडदे ओढून राहायचं माझं वय आहे का?

शिवाय पचतंच असं नाही. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याने बुरुजबिरुज असलेलं किल्ल्यासारखं घर बांधलं, आणि ते दिसू नये म्हणून भोवती पेंढ्याच्या गठ्ठ्यांची उंचच उंच भिंत रचली. आत बायकोपोरांसह चार वर्षं राहिला. २००६ साली पेंढा काढला आणि म्हणाला, बघा, चार वर्षं झाली. कोर्ट म्हणालं, पेंढा काढणं हाही बांधकामाचाच भाग, म्हणजे तुझं घर पुरं झालं ते परवा. २०१६ मध्ये त्याला ते पाडावं लागलं. मी ही गोष्ट काकांना सांगितली. ते म्हणाले, "त्याने पेंढा काढायलाच नको होता."

एका इस्टेट एजंटने वेगळंच सुचवलं: खोल्या सुट्या सुट्या सहा परक्या माणसांना द्या, भाडं दुप्पट येईल. मी त्याला चहा दिला आणि निरोप दिला.

शेवटी एक आर्किटेक्ट गाठला. केनियाहून आलेल्या गुजराती घरातला मुलगा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. घरभर हिंडला, स्वयंपाकघरात येऊन थांबला आणि म्हणाला, "आंटी, एक ही सवाल है. खाना साथ में या अलग?"

मला वाटलं जेवायला थांबतोय.

तो म्हणाला, सगळं यावरच आहे. वर एक न्हाणीघर, एक किटली, आणि जेवण मात्र खाली सगळ्यांचं एकत्र, असं असेल तर ते एकच घर. फार तर 'आजीची खोली' म्हणा. इथे तसा शब्दच आहे. कौन्सिलचा बहुधा संबंध येत नाही. पण वर वेगळा ओटा, वेगळी न्हाणी आणि बाहेर वेगळं दार आलं की झाली दोन घरं.

तेव्हा मला तू आठवलीस. २०११ च्या जनगणनेला शाळेने तुला पिटाळलं होतं, आणि तू उन्हातून येऊन मला फोन करायचीस. एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब, ही तुमची व्याख्या. खालच्या आळीत एका घरी दोघी जावा तुझ्यासमोर ओटीवर भांडल्या होत्या, सासू म्हणत होती एकच चूल, धाकटी म्हणत होती दोन, आणि थोरली गॅस सिलिंडर ओढत बाहेर आणून दाखवत होती. तू विचारलं होतंस, "मी काय लिहू गं?" इतकी वर्षं मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगत आले. आणि आता तोच प्रश्न माझ्या ओट्यापाशी उभा होता, पेन्सिल घेऊन.

लेक म्हणाली, "साथ में."

मी म्हणाले, "अलग."

हो, मीच. आता शिव्या इकडे पाठव. हे असताना एकोणतीस वर्षं आणि त्याआधी सासरी आठ, मी दुसऱ्यांच्या घड्याळावर रांधलं. लॅबमधून सहाला सुटायचं, सव्वासातला कुकर लावायचा. हे गेल्यावर पहिले सहा महिने मी ब्रेडवर काढले. मग हळूहळू एकटीसाठी शिजवायला शिकले, बासष्टाव्या वर्षी. वाटीभर पेज, भाजलेला सुका बांगडा, रात्री साडेनऊला, रेडिओ लावून. मला ते आवडलं, बायो. जावई गुणी आहे, पण वेल्सचा आहे, सहाला जेवतो. पोरं पास्त्याशिवाय बोलत नाहीत. लेक मला प्रेमाने बसवून वाढेल आणि मी प्रेमाने पास्ता खाईन, आणि बांगड्याचा वास आला की कुणी काही म्हणणार नाही, फक्त खिडकी उघडेल. ते खिडकी उघडणं मला नको होतं. लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग अर्ज कर." 

अर्जाची फी २०२४ मध्ये जास्तीच्या प्रत्येक घरामागे ५७८ पौंड होती. आपल्याला एकच घर जास्तीचं, म्हणजे एकदाच. रुपयांत साठ हजारांच्या वर. अर्जाआधी कौन्सिलचा सल्ला विकत मिळतो. मी म्हटलं, त्याचे पैसे वाचवू. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज टाकला, आणि एप्रिलमध्ये तिथल्या केस ऑफिसर बाईंची आर्किटेक्टला मेल: हा मागे घेतलात तर बरं, नाहीतर नामंजूर करावा लागेल. पूर्वी मागे घेतलेला अर्ज सुधारून एकदा फुकट देता यायचा. ती सोय डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालेली. म्हणजे आम्ही दोन महिन्यांनी चुकलो. सल्ल्याचे वाचवले आणि ५७८ दोनदा भरले. कोकणी माणसाने काटकसर कशी करू नये याचा हा नमुना.

कुठे अडलं होतं ते ऐकण्यासारखं आहे. मोठं घर तोडून त्याची खुराडी करू नयेत, कुटुंबांना राहायला घरं उरावीत, म्हणून आमच्या कौन्सिलचा नियम आहे. मुळात घर १३० चौरस मीटरच्या वर हवं; आमचं भरलं १४६. त्यातून तीन निजायच्या खोल्यांचं एक घर उरलंच पाहिजे, आणि त्या घराला शक्यतो बाग हवी. आणि बस-रेल्वे जवळ हव्यात. या जवळपणालाही शून्यापासून सहापर्यंत गुण असतात आणि तीन मिळाले तरच पास. गुण काढताना माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो असं धरतात. त्या हिशेबाने आमचं स्टेशन अकरा मिनिटांवर. माझ्या गुडघ्यांच्या हिशेबाने तेवीस. पण गुडघे विचारत नाहीत, म्हणून पास झालो.

बागेपाशी मात्र गाडं रुतलं. तीन खोल्यांचं घर वरचं, बाग खालची. ऑफिसर बाईंचं म्हणणं सरळ होतं: पोराबाळांचं कुटुंब खाली ठेवा, त्यांना बाग मिळेल, आणि एका माणसाचा छोटा फ्लॅट वर न्या. कागदावर अगदी शहाणपणाचं. फक्त ते एक माणूस जिना चढू शकत नव्हतं म्हणूनच हा सगळा उपद्व्याप चालला होता! 

दुसरी अडचण कोठीच्या खोलीची. २.१ बाय २.२ मीटर. आम्ही तिला निजायची खोली म्हणून दाखवली होती. देशभरचं माप २०१५ पासून ठरलेलं आहे: एका माणसाच्या खोलीला साडेसात चौरस मीटर आणि २.१५ मीटर रुंदी हवी. आमची साडेचारला जेमतेम टेकते. माझा लेक त्या खोलीत अठरा वर्षं झोपला, तिथेच अभ्यास करून डॉक्टर झाला, आणि ती खोलीच नव्हती. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो."

माझ्या बाबतीत याच मापाने उलटा घोळ घातला. माझी नवी निजायची खोली साडेअकरा चौरस मीटरच्या वर भरली, आणि साडेअकराच्या वर खोली गेली की तिथे दोन माणसं झोपतात असं कागद धरून चालतो. म्हणून माझा फ्लॅट दोन माणसांचा. त्याला किमान ५० हवेत, माझे ५३ आहेत. सगळ्या नकाशांवर माझ्या पलंगाच्या जागी डबल बेड काढलाय, दोन उशांसकट. आर्किटेक्टला म्हटलं, एक उशी पूस की रे. तो म्हणाला, आंटी, पुसली तर प्रश्न विचारतील.

तिसरं अडलं ते आवाजापायी. वरच्यांचं स्वयंपाकघर खालच्याच्या पलंगावर येऊ नये, निजण्यावर निजणं आणि बसण्यावर बसणं यावं, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे माझा ओटा मागून उठून पुढे रस्त्याच्या बाजूला आला. इतकी वर्षं बागेकडे बघत भांडी घासली, आता पोस्टमनकडे बघत घासते. तसं वाईट नाही. रस्त्यावर बागेपेक्षा जास्त घडतं.

बागेचा तिढा सुटला तो घराच्या कडेच्या बोळामुळे. वरच्यांचं दार बोळात काढलं, बोळातून मागे जायला फाटक ठेवलं आणि बागेचे दोन भाग केले: घरालगतचा फरशीचा तुकडा माझा, मागचं गवत आणि झोपाळा पोरांचा. मध्ये कंबरेएवढं कुंपण, तेही कागदासाठी. तुझ्या काकांनी परसाची वाटणी केली तेव्हा सुंभ धरून उभ्या होतो आपण दोघी, आठवतं? नारळ कुणाच्या बाजूला पडेल यावर रात्र गेली. इथे मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडले.

सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरा अर्ज गेला. मग दारासमोरच्या दिव्याच्या खांबाला नोटीस लागली आणि आजूबाजूला पत्रं गेली: या घराचे दोन फ्लॅट होणार, एकवीस दिवसांत हरकत कळवा. कुत्री फिरवणारी माणसं खांबापाशी थांबून वाचायची आणि मग माझ्या खिडकीकडे बघायची. आपल्याकडे भानगड कळायला विहिरीवर जावं लागायचं, इथे कौन्सिल स्वतः लावते.

पाच हरकती आल्या आणि एक पाठिंबा. पाठिंबा दोन घरं सोडून राहणाऱ्या गुजराती बेनचा. माझ्यावर माया म्हणून नव्हे. त्यांनाही वरचा मजला मुलाला काढून द्यायचाय आणि माझ्या अर्जाचं काय होतं ते पाहायचं होतं. आणि एक हरकत भिंतीपलीकडल्या म्हातारबुवांची.

तू त्यांना भेटली आहेस. सफरचंदाचं झाड, त्यांच्या शिडीवर चढून आपण पन्हळ साफ केली ते. हे गेले तेव्हा तीन आठवडे रोज माझी कचऱ्याची पेटी न सांगता बाहेर नेऊन ठेवत होते. त्यांचं पत्र दोन पानी. या हरकती सगळ्यांना वाचता येतात. मी रात्री चष्मा लावून वाचली. गाड्या कुठे लावणार, पेट्या किती होणार, रस्त्याचा तोंडवळा बिघडेल, आमच्या घराची किंमत पडेल. इथवर ठीक. सगळेच तेच लिहितात. आणि शेवटी एक ओळ: शेजारघरातून सकाळी लवकर दळण्याचा मोठा आवाज भिंतीतून येतो, तो आता दोन घरांतून येईल.

माझा मिक्सर गं. पावणेसहाची माझी चटणी. अठ्ठावीस वर्षं तो माणूस ती चटणी ऐकत होता आणि एकदाही बोलला नाही. दिवाळीला मी चिवडा नेऊन द्यायची, तो थँक यू म्हणायचा. मला राग यावा की लाज, ते समजेना. रात्री अकरा वाजता मी उठून मिक्सरखाली टॉवेलची घडी ठेवली. कुणासाठी ठेवली, देव जाणे. चटणी तर सकाळी होती.

ऑफिसरच्या अहवालात त्यांच्या पत्राची दखल होती. किंमत पडणं हा नियोजनाचा मुद्दाच नाही, एका वाक्यात संपवलं. उजेड अडतो का, दुसऱ्याच्या खिडकीत डोकावता येतं का, गर्दी, रहदारी, आवाज एवढंच ते मोजतात. मिक्सरबद्दल लिहिलं होतं की नेहमीच्या घरगुती वापराचा आवाज. मला सरकारी कागदावर मी 'नेहमीची' ठरल्याचं फारच बरं वाटलं.

जागा पाहायला आलेली मुलगी माझ्या नातीएवढी दिसत होती. हातात लाल ठिपक्याचं मोजयंत्र, चहा नको, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. सगळं मोजून झालं आणि मागे शेडपाशी थांबली. आत माझी एक शेगडी आहे, मासे तळायची. घरात वास नको म्हणून ह्यांनीच बसवून दिलेली. तिच्या शेजारी जुना सोफा आणि एक चटई. मुलीचा चेहरा बदलला. "इथे कोण राहतं?"

तिचंही चुकलं नाही. या भागात परसातल्या शेडमध्ये माणसं भाड्याने ठेवण्याचा धंदा मोठा आहे. स्लाउच्या कौन्सिलने तर २०१३ मध्ये विमानातून उष्णता टिपणारा कॅमेरा फिरवून अशा शेड हुडकल्या होत्या. मी म्हटलं, इथे बोंबील राहतात. तिला कळलं नाही. मग फ्रीझरमधून काढून दाखवले. तिने वहीत काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही, पण परवानगीच्या अटींत एक अट आहे: शेडचा उपयोग राहण्यासाठी करू नये. म्हणजे बोंबलांना बेदखल केलेलं नाही.

निकालाची वाट पाहताना मी प्रिमरोझ हिलजवळ बाबासाहेबांच्या घरी जाऊन आले. १९२१-२२ मध्ये ते इथे शिकत असताना राहिले ते घर. आपल्या सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, मोदींनी उद्घाटन केलं. पण घराचं संग्रहालय करणं हाही वापर बदलणंच, आणि त्याची परवानगी घेतलेली नव्हती. मागाहून अर्ज केला तो कॅमडन कौन्सिलने २०१८ मध्ये फेटाळला: राहायचं एक घर कमी होतं, आणि शेजाऱ्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास. अपील झालं, चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्ये मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी मान्यता दिली तेव्हा ते संग्रहालय टिकलं. पूर्वी गेले होते तेव्हा मी तिथली पुस्तकं पाहिली होती. या वेळी मात्र जिना पाहिला, खिडक्या पाहिल्या, शेजारचं दार किती जवळ आहे ते पाहिलं. त्या घरावर एवढ्या मोठ्या माणसाचं नाव असूनही कौन्सिलचा पहिला प्रश्न एकच होता, की राहायची घरं किती उरली. बाहेर आल्यावर बोटांवर मोजलं. त्यांच्याकडे एकातून एक गेलं होतं, माझ्याकडे एकाची दोन होणार होती. जरा धीर आला.

आठ आठवड्यांत निकाल द्यायचा असतो. त्यांनी मुदत वाढवून मागितली, आम्ही दिली. नाही म्हणायची कुणाची छाती? जानेवारीत मेल आली. मंजूर. तीन वर्षांत काम सुरू करा. प्रत्येक घराच्या कचरापेट्यांना स्वतंत्र जागा. आणि सायकली. लंडनच्या नियमाने दोन माणसांच्या एका निजायच्या खोलीच्या घराला दीड सायकल लागते. हो, दीड. वरच्या घराला दोन. साडेतीन झाल्या, अर्धी कुठे ठेवणार म्हणून चार. कुणी राहायला यायच्या आत चार सायकलींची कुलूपबंद शेड उभी पाहिजे. जावयाला सायकल येत नाही. मला गुडघे नाहीत. पण शेड आहे, सुरेख आहे, आणि सध्या तिच्यात माझे कांदे आहेत.

बांधकामाचं सगळं सांगत बसत नाही, तुझी वाडी दुरुस्त झाली तेव्हाचं तू मला सांगितलंस त्यात फक्त पावसाळा वजा कर. एक मात्र सांगते: नुसतं घर दुरुस्त केलं असतं तर बिल्डरच्या बिलावर वीस टक्के कर, पण घरांची संख्या बदलते म्हणून पाच टक्केच. दोन अर्जांचे पैसे तिथे निघाले, असं मी लेकाला सांगते. तो हिशेब मागत नाही.

नियोजनाची परवानगी वेगळी आणि इमारतीचे नियम वेगळे, हेही तेव्हाच कळलं. दारं अशी की अर्धा तास आग थोपवतील. वरच्या-खालच्यांमधली जमीन अशी की आवाज ठरलेल्या डेसिबलपलीकडे जाऊ नये. त्यासाठी एक माणूस वर पोलादी हातोड्यांचं यंत्र आपटत बसला आणि दुसरा खाली माझ्या खोलीत आवाज मोजत बसला. पास झालो. मी बिल्डरला विचारलं, म्हातारबुवांच्या आणि माझ्यामधल्या भिंतीचं काय? तो म्हणाला, ती जुनीच आहे, राहू दे. मी म्हटलं, तरी कर. माझ्याकडून साडेसातशे जास्तीचे गेले. त्या भिंतीला आता आतून दुसरी भिंत आहे, मधे लोकर भरलेली, आणि मिक्सर पलीकडच्या बोळाच्या बाजूला नेलाय.

त्यांना मी हे सांगितलं नाही. ते पत्राबद्दल मला बोलले नाहीत. गेल्या महिन्यात नेहमीप्रमाणे सफरचंदांची पिशवी घेऊन आले, आंबट, शिजवायची जात, आणि दारात दोन घंटा बघून घुटमळले. कुठली दाबावी ते कळेना. मी खिडकीतून बघत होते, आता माझा ओटा तिथेच आहे ना. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केली. पिशव्या दोन आणल्या होत्या.

आता तुझ्या बिल्डरचं. चिऱ्याच्या घराच्या जागी सात मजले, तुला दोन फ्लॅट, असं म्हणतोय ना? सही करू नकोस एवढंच आत्ता म्हणते. आधी तुझ्या चुलतभावांना एकत्र बसव आणि माझ्या आर्किटेक्टचा प्रश्न विचार. उत्तर काय येईल ते मला माहीत आहे, पण विचार तरी.

डिसेंबरात तुझी भाची येतेय म्हणालीस. तिच्या सामानात जागा असेल तर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि थोडे सोडे दे. लेकीलाही आमसुलं हवी आहेत, तिने परवा वर पहिल्यांदा सोलकढी केली आणि नारळाऐवजी बदामाचं दूध घातलं. मी चाखली, काही बोलले नाही. फक्त खिडकी उघडली.

तर पुड्या दोन वेगळ्या बांध. माझ्यावर 'ए' लिही, तिच्यावर 'बी'. पोस्टातून पाठवलंस तरी तसंच लिही, कौन्सिलने घरनंबर तसेच दिलेत.

तुझी,
लंडनची भवानी